विंचवाने दाखवलेली दारं

मृगाच्या तोंडावर जालना जिल्ह्यात पऱ्हाट्यांच्या ढिगात कुणी सरळ हात घालत नाही. आधी काठीने ढोसायचं, पाय आपटायचे, मग मोळी उचलायची. दगडी बांधाच्या फटीत, गोवऱ्यांखाली, रांजणाजवळच्या ओलाव्यात विंचू असतो, आणि त्यातले दोन प्रकार गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. एक काळा, बोटापेक्षा लांब, खेकड्याच्या डेंग्यांसारखे जाड चिमटे असलेला. ती इंगळी. दुसरा तांबूस, किडकिडीत, चिमटे काडीसारखे बारीक, पण शेपटी अंगाच्या मानाने भरलेली. लोक घाबरतात इंगळीला. जीव घेतो तो तांबडा. कारण त्याच्या अंगावरच दिसतं: ज्याचे चिमटे जाड, त्याला भक्ष्य चिरडता येतं, ज्याचे बारीक, त्याची सगळी भिस्त नांगीवर.

त्या शेपटीच्या टोकाला वाटाण्याहून लहान मणी असतो. त्यात विषाच्या दोन ग्रंथी आणि पुढे वाकडी, पोकळ नांगी. एका दंशात उतरणारं विष वजनाने तांदळाच्या दाण्याएवढंही भरत नाही. तरी त्यात एकच एक विष नसतं. डझनावारी वेगवेगळे पेप्टाइड असतात आणि त्यातला प्रत्येक जण शरीरातलं आपापलं ठरलेलं दार शोधत जातो. कुणी दार उघडं ठेवतो, कुणी ते बंद करून टाकतो. आपलं हे प्रकरण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या सर्वांत आडदांड गाठीविषयी आणि तिला मिळणारे निरोप कसे अडवता येतील याविषयी आहे. सुरुवात विंचवापासून केली, कारण निरोप अडवून माणूस वाचवता येतो हे महाराष्ट्रात ज्या डॉक्टरने सर्वांत स्वच्छपणे दाखवलं, तो याच जिल्ह्यातला. आणि पुढे ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींची दारं ओळखायला जी हत्यारं उपयोगी पडली, त्यातलं एक आपल्याच तांबड्या विंचवाच्या नांगीतलं.

देहेड हे भोकरदन तालुक्यातलं गाव. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथले, १९५१ सालचा जन्म. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. देहेडपासून नागपूरपर्यंतची वाट किती काट्याकुट्यांची होती ते त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात सांगितलं आहे. ते मुळातून वाचावं.

कोकणात त्या काळी तांबड्या विंचवाचा दंश म्हणजे संध्याकाळी हसतं-खेळतं पोर आणि पहाटे तोंडाला गुलाबी फेस. ज्यांच्या हृदयावर विषाचा परिणाम दिसे, त्यांतले दहापैकी तीन-चार दगावत. उपाय काय करायचा, हे वैद्यकाच्या जाड पुस्तकांत धड लिहिलेलं नव्हतं. बावस्करांनी केलं ते फार साधं होतं आणि म्हणूनच फार थोडे लोक करतात: ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि तासातासाला काय घडतं ते टिपत गेले. वेदनेने गाव डोक्यावर घेणारा रुग्ण बहुधा वाचतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. ज्याला दुखण्याची फारशी तक्रार नाही पण उलट्या होताहेत, अंग घामाने निथळतंय, हातपाय बर्फासारखे गार पडलेत, पुरुष असेल तर लिंग ताठरलंय, तो धोक्यात असतो. ही लक्षणं पुढच्या हृदयविकाराची आगाऊ वर्दी आहेत, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला.

आता हे घडतं कसं? मज्जातंतूच्या पेशीवर सोडियमची बारीक दारं असतात. दार क्षणभर उघडतं, सोडियम आत शिरतो, संदेश पुढे जातो, दार मिटतं. तांबड्या विंचवाच्या विषातले काही पेप्टाइड या दारात पाचर मारतात. दार मिटतच नाही. मग मज्जातंतूंची टोकं थांबायचं नाव न घेता अॅड्रेनालिनच्या जातीची रसायनं सोडत सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे माणूस विंचवाच्या विषाने मरतो म्हणण्यापेक्षा स्वतःच्याच शरीराने सुटलेल्या निरोपांच्या गदारोळात मरतो.

ही गोष्ट एकदा पटली की उपाय वेगळ्या जागी दिसायला लागतो. पाचर काढता येत नसेल तर निरोप जिथे पोचतो तिथलं दार लावून घ्यायचं. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरलं. पण त्याला डोळ्यांत तेल घालून पहारा लागतो, आणि तेवढी माणसं ग्रामीण रुग्णालयात कुठली? मग आली प्राझोसिन. रक्तदाबाची स्वस्त गोळी. रक्तवाहिन्यांवर अॅड्रेनालिनचा निरोप घेणारी जी ‘अल्फा’ नावाची दारं असतात, ती ही गोळी अडवते. हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी द्यायची. १९८६ साली हाही अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि दंशातल्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात एखाद्यापर्यंत उतरलं. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाडमध्ये आणखी एक चाचणी केली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतो, हे त्यात दिसलं. २०११ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उशीरच झाला म्हणायचा.

या शेवटच्या चाचणीतलं एक मर्म पुढे लागणार आहे. प्रतिविष निरोप उठवणाऱ्या विषालाच वाटेत धरतं. प्राझोसिन निरोप्याला हात लावत नाही, ज्या घरी तो जाणार ते दार लावून घेते. रोग निरोपावर जगत असेल तर त्याला अडवायच्या या दोन तऱ्हा. मेंदूच्या गाठीतही याच दोन तऱ्हा करून पाहिल्या जाताहेत.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची छोटी माळ. माळ फार लांबली की तिला प्रथिन म्हणतात. सीमारेषा कुणी काटेकोर आखलेली नाही. बाळंतिणीच्या कळा आणि दूध सांभाळणारं ऑक्सिटोसिन ९ मण्यांचं. इन्सुलिन ५१ मण्यांचं. शरीर दूरदूरच्या पेशींना निरोप धाडायला या माळा वापरतं. कारण मण्यांचा क्रम बदलला की किल्लीचे दात बदलतात आणि दुसरं दार उघडतं. विंचू, साप, बेडूक यांनी कोट्यवधी वर्षांत याच किल्ल्यांच्या नकला घडवल्या आहेत.

ग्लायोब्लास्टोमाकडे वळू. मेंदूत मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या जातीच्या पेशी बिघडून होणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हणतात; ही त्यातलीच एक. मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांत मोठ्या माणसांमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते आणि हीच सर्वांत वाईट. ज्यांनी शेती केली आहे त्यांना तिचा स्वभाव एका शब्दात सांगता येईल: हरळी. वरून गवताचा पुंजका दिसतो, तो उपटला तर रान मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण जमिनीखाली काशा पसरलेल्या असतात. वखराने तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ साली अशा काही रुग्णांचा गाठ असलेल्या बाजूचा अख्खा अर्धा मेंदू काढून टाकल्याचं नोंदवलं. तेवढं करूनही रोग हटला नाही. पेशी तोवर पलीकडच्या अर्ध्यात पोचलेल्या होत्या. इतक्या धाडसाच्या शस्त्रक्रियेतून निघालेला निष्कर्ष एवढाच, की या रोगाला सुरीने कड काढता येत नाही.

आज जगभर जो उपचार होतो तो २००५ साली ठरला. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर नुसती किरणं घेणाऱ्यांपैकी निम्मे १२.१ महिन्यांहून अधिक जगले. किरणांसोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्मे १४.६ महिन्यांहून अधिक. अडीच महिन्यांची कमाई. वाचताना क्षुल्लक वाटते. पण त्या चाचणीत दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण शंभरात दहावरून सव्वीसवर गेलं होतं, आणि या रोगात त्याआधी इतकंही कुणाला जमलेलं नव्हतं.

गाठ मोठी होते यापेक्षा ती पांगते, हा खरा घात आहे. ती पांगते कशी, हे अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या हॅराल्ड सोंटहाइमर यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं पाहिलं, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत रंगतदार वाटतो तो हाच भाग.

मेंदूत मोकळी जागा नसते. पेशीला पेशी खेटलेली. त्या गर्दीतून एखादी पेशी पुढे सरकायची तर तिला अंग चोरावं लागतं. ग्लायोब्लास्टोमाची पेशी ते अक्षरशः करते. ती स्वतःतलं पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर टाकते. क्षार गेले की पाणी त्यांच्या मागे जातं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं त्यामागेही हाच नियम, पाणी क्षाराच्या मागे धावतं. पेशीचं आकारमान सुमारे एक तृतीयांशाने घटतं. आकसलेली पेशी फटीत घुसते, पलीकडे निघते, पुन्हा पाणी पिऊन फुगते. परत आकसते. सूक्ष्मदर्शकाखाली ही चाल गांडुळासारखी दिसते. बाहेर पडायला तिला दोन दारं लागतात, एक पोटॅशियमचं आणि एक क्लोराइडचं.

इथे विंचू पुन्हा आला. १९९० साली तांबड्या विंचवाच्या विषातून ३७ मण्यांची एक माळ वेगळी काढण्यात आली. तिचं नाव आयबेरिओटॉक्सिन. पेशीत कॅल्शियम वाढलं की उघडणारं पोटॅशियमचं एक मोठं दार असतं, त्याला बीके म्हणतात. ही माळ बाटलीला बूच लावावं तशी नेमक्या त्याच दाराच्या तोंडात जाऊन बसते; शेजारच्या इतर दारांना ती सहसा हात लावत नाही. प्रयोगशाळेत अशा वस्तूला सोन्याचा भाव. सोंटहाइमर यांच्या गटाला ग्लायोमाच्या पेशींवर हे बीके दार वाजवीपेक्षा फार जास्त आणि जरा वेगळ्या घडणीचं आढळलं, ते वर्ष २००२. ते दार खरोखर कामाला येतं का, हे तपासायचं तर ते बंद करून पाहायला हवं. आणि बंद करायला आयबेरिओटॉक्सिन होतंच. ज्या विंचवाला आपण पायताणाने ठेचतो, त्याच्या विषातली ही माळ शीतपेट्यांत जपून ठेवली जाते आणि मायक्रोग्रॅमवर विकली जाते.

क्लोराइडच्या दाराचा माग दुसऱ्या विंचवाने दाखवला. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या वाळवंटातला पिवळा डेथस्टॉकर हा आपल्या तांबड्याचा चुलतभाऊच, एकाच कुळातला. १९९३ साली त्याच्या विषातून ३६ मण्यांचं क्लोरोटॉक्सिन मिळालं. ते ग्लायोमाच्या पेशींना चिकटतं आणि मेंदूच्या निरोगी पेशींना सहसा चिकटत नाही, हे दिसल्यावर धावपळ उडाली. त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून ते १८ रुग्णांच्या मेंदूत, शस्त्रक्रियेने झालेल्या पोकळीत सोडण्यात आलं. २००६ साली आलेल्या त्या अहवालाने उपचार सोसतो एवढं दाखवलं, रोग हटतो हे नाही. सिअॅटलच्या जिम ओल्सन यांनी त्याला चमकणारा रंग जोडला, म्हणजे शस्त्रक्रिया करताना गाठीच्या पेशी उजळून दिसतील. आता गंमत पाहा: विंचू स्वतःही अतिनील दिव्याखाली हिरवट-निळा चमकतो. या दोन चमकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण योगायोग मजेशीर आहे. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेने तर २०२० साली रुग्णाच्या पांढऱ्या पेशींनाच क्लोरोटॉक्सिनची नांगी बसवण्याचं काम प्रसिद्ध केलं, म्हणजे त्या पेशी गाठ हुडकत जातील. माणसांवरच्या चाचण्या त्यानंतर सुरू झाल्या.

दारं कळली. पण दार उघड, असं या पेशीला सांगतं कोण?

बरीच उत्तरं आहेत, त्यातलं एक थेट आपल्या विषयाचं आहे: ब्रॅडिकायनिन. ९ मण्यांचं पेप्टाइड. १९४९ साली ब्राझीलमध्ये मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं, तेही तिथल्या जराराका सापाचं विष रक्तद्रवात मिसळल्यावर काय होतं ते बघताना. ते रक्तवाहिन्या सैल करतं, त्यांतून पाणी झिरपू देतं, वेदना जागवतं. मधमाशी चावल्यावरची सूज डोळ्यांपुढे आणा. विंचूदंशातही ते वाढतं. रक्तदाबाची कॅप्टोप्रिलसारखी गोळी ब्रॅडिकायनिनचा निचरा रोखते, म्हणून विंचूदंशात तिच्याबद्दल बावस्करांनी सावध केलं आहे.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही ब्रॅडिकायनिन सोडतात. ग्लायोमाच्या पेशीवर ते ऐकणारं बी-टू नावाचं दार असतं. निरोप पोचला की पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्शियमने बीके दार उघडतं, क्षार बाहेर, पाणी बाहेर, पेशी आकसते आणि निरोप आला त्या दिशेला, म्हणजे रक्तवाहिनीकडे सरकते. तिथे खायला-प्यायला आहे आणि पुढे जायला वाटही आहे. माळरानावरचं तण पाटाच्या कडेकडेने पसरतं, तशा या पेशी वाहिन्यांच्या कडेने पसरतात. सोंटहाइमर आणि व्हेद्राना मोंटाना यांनी २०११ साली हे मेंदूच्या जिवंत कापांवर दाखवलं. एरवी चारांतल्या तीन पेशी रक्तवाहिनीला जाऊन बिलगत होत्या. बी-टू दार अडवल्यावर पाचांतली जेमतेम एक.

अडवायला त्यांनी जे वापरलं तेही एक पेप्टाइडच, १० मण्यांचं. त्याचं औषधी नाव इकॅटिबंट. ब्रॅडिकायनिनच्या दारात ते बसतं पण दार उघडत नाही. कुलपात चुकीची किल्ली मोडून ठेवावी तसं. आनुवंशिक सुजेच्या एका दुर्मिळ रोगात चेहरा आणि घसा अचानक सुजून श्वास कोंडतो, त्यावर हे औषध युरोपात २००८ पासून आणि अमेरिकेत २०११ पासून रीतसर वापरलं जातं. म्हणजे औषध हातात आहे, माणसांना दिलेलं आहे, आणि प्राझोसिनसारखंच ते निरोप्याला न धरता दार लावतं. कागदावर याहून सुंदर काय हवं?

पण कागद आणि रुग्ण यांच्यात अंतर असतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक पेप्टाइडना आत सोडत नाही. कातड्याखाली टोचलेलं औषध मेंदूच्या आतल्या कोपऱ्यातल्या पेशीपर्यंत पुरेशा मात्रेत पोचेल, याची खात्री नाही. आणि इथे इतिहासाने एक चिमटा काढून ठेवला आहे. ही भिंत सैल करून औषध आत घुसवायचं म्हणून पूर्वी काही शास्त्रज्ञांनी ब्रॅडिकायनिनचीच एक टिकाऊ नक्कल रुग्णांना टोचली होती, सोबत कार्बोप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध. २००३ साली चाचणीचा निकाल आला, फायदा शून्य. ब्रॅडिकायनिन गाठीच्या पेशींना वाट दाखवतं हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो प्रयोग कुणी केला असता असं मला वाटत नाही.

असे निरोप आणखीही आहेत. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९७१ च्या सुमारास युरोपातल्या एका लालपोट्या बेडकाच्या कातडीतून बॉम्बेसिन नावाचं पेप्टाइड काढलं. त्याच घराण्यातलं एक आपल्या पोटात आणि मेंदूतही सापडलं, आणि ग्लायोमाच्या पेशी त्याचाही निरोप घेतात असं आढळलं. मेंदूतल्या पेप्टाइड संप्रेरकांच्या शोधासाठी १९७७ सालच्या नोबेलचे एक मानकरी ठरलेले अँड्र्यू शॅली पुढची कितीतरी वर्षं असे निरोप अडवणारे रेणू घडवत राहिले. त्या रेणूंनी उंदरांत वाढवलेल्या मानवी ग्लायोब्लास्टोमाची वाढ मंदावली. उंदरांत. या विषयावरची बातमी वाचताना हा एक शब्द शोधायची सवय लावून घ्यावी. तो बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतो.

निरोप्याला वाटेत धरण्याची तऱ्हाही झाली. नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं एक प्रथिन गाठ सोडते. ते धरून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब गाठ उलटलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत २००९ साली मंजूर झालं. मेंदूची सूज उतरते, रुग्णाला काही महिने हलकं वाटतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण २०१४ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत नव्या रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. त्याच वर्षी सिलेंजिटाइडचा निकाल लागला. हे ५ मण्यांचं गोल पेप्टाइड. पेशी ज्या आकड्यांनी आजूबाजूला पकड घेतात ते आकडे अडवणारं. पाचशेहून जास्त रुग्ण. औषध घेणाऱ्यांत निम्मे २६.३ महिन्यांपुढे जगले. न घेणाऱ्यांतही निम्मे २६.३ महिन्यांपुढेच. दशांशापर्यंत तोच आकडा. इतका स्पष्ट नकार वैद्यकात क्वचितच मिळतो.

विंचूदंशात एक दार लावलं की माणूस वाचतो आणि गाठीत तीच युक्ती फसते, याचं कारण माझ्या समजुतीप्रमाणे वेळेत आहे. विष एकदाच येतं, दीड-दोन दिवसांत निचरतं. तेवढा काळ दार धरून ठेवलं की झालं. गाठ रोज नव्या पेशी घडवते, एकाच गाठीत तऱ्हेतऱ्हेच्या पेशी नांदतात, आणि एक वाट बंद झाली की त्यातल्या काहींना दुसरी सापडते. म्हणून निरोप अडवण्याचा उपाय एकटा पुरणार नाही; सुरी, किरणं आणि टेमोझोलोमाइड यांच्या जोडीला तो कुठे बसतो, हा प्रश्न आहे.

प्राझोसिनचीही एक गोष्ट राहिली. २०१६ साली फ्रान्समधल्या सुझाना असाद कान, हर्वे श्नाइवाइस आणि सहकाऱ्यांनी काही जुनी औषधं ग्लायोब्लास्टोमाच्या मूळ पेशींवर टाकून पाहिली. त्यात ही रक्तदाबाची गोळी चमकली. पेशी मेल्या, उंदरांमधली गाठ मंदावली. सगळ्यांना वाटलं, अल्फा दार अडवल्यामुळे. तपासलं तर त्या दाराचा संबंधच नव्हता. गोळी पेशीच्या आत निराळ्याच मार्गाने काम करत होती. मात्रा किती लागेल, रक्तदाब किती पडेल, हे प्रश्न उघडे आहेत. ही गोळी मेंदूच्या गाठीचं औषध नाही आणि कुणी तशी घेऊ नये.

हे स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण विंचवाचं विष कर्करोगावर रामबाण म्हणून थेंबांच्या बाटल्यांत विकणारे जगभर आहेत. वर सांगितलेल्या प्रयोगांत कच्चं विष कुणीही कुणालाही पाजलेलं नाही. त्यातला एकेक मणीदार रेणू वेगळा काढून, तोलून, तपासून वापरला आहे. बाटलीतल्या थेंबांपायी शस्त्रक्रिया दोन महिने लांबली तर या रोगात तेवढ्यात सगळं हातचं जातं.

या गाठीच्या खुणा ओळखून ठेवा. पहाटे वाढणारी आणि आठवड्यागणिक तीव्र होणारी डोकेदुखी, सोबत उलटी. चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा आलेली फिट. एका बाजूचा हात किंवा पाय हळूहळू लुळा पडणं. शब्द सापडेनासे होणं, स्वभाव पालटणं. यातलं काही दिसलं तर बाहेरची बाधा काढण्यात दिवस घालवू नका. जालन्यातच सीटी स्कॅन करून घ्या. पुढची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार छत्रपती संभाजीनगरला होतात, तिथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लागलंच तर मुंबईचं टाटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार निघतानाच पिशवीत टाका, नाहीतर पहिली फेरी कागदांपायी वाया जाते.

आणि विंचवाचं तर आपल्या हातातलंच आहे. मृग लागायच्या आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन विचारा, प्राझोसिनची गोळी आहे का. नसेल तर मागवून घ्यायला लावा.